शब्दांची वाट : गोव्याच्या छापखान्यापासून इंटरनेटपर्यंत

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूंचे लक्ष रस्त्याकडेच्या एका एकाकी दगडी कमानीकडे सहसा जात नाही. सेंट पॉल कॉलेज या एके काळच्या विख्यात विद्यापीठाचा एवढाच अवशेष आज उभा आहे. सेमिनरीत असताना आम्ही काही विद्यार्थी सहलीनिमित्त तेथे गेलो होतो. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आम्हांस त्या कमानीखाली उभे केले आणि विचारले, ‘‘या जागी भारतात प्रथमच घडलेली एक गोष्ट सांगा.’’ कोणी पहिल्या सेमिनरीचे नाव घेतले, कोणी पहिल्या इस्पितळाचे. योग्य उत्तर मात्र कोणालाच देता आले नाही. ‘‘भारतातील पहिला छापील कागद येथे निघाला,’’ ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, ‘‘आणि तो निघायचा कसा थांबला, हेही तुम्ही कधी तरी शोधून काढा.’’

त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. आज आपण इंटरनेटविषयी बोलतो. ते मिळणे हा माणसाचा हक्क आहे काय, सरकारने ते बंद करावे काय, यावर न्यायालयांत वाद होतात. हा प्रश्न आपल्याला अगदी नवा वाटतो. वस्तुतः तो या भूमीत पावणेपाचशे वर्षांपासून विचारला जात आहे. फक्त साधन बदलले आहे.

आकस्मिक आलेले यंत्र

२९ मार्च १५५६ रोजी लिस्बनहून एक ताफा निघाला. त्यात येशूसंघाचे काही धर्मगुरू होते आणि त्यांच्या सामानात एक मुद्रणयंत्र होते. हे यंत्र भारतासाठी नव्हतेच. ॲबिसिनिया म्हणजे आजच्या इथिओपियाकडे ते निघाले होते. ६ सप्टेंबर रोजी गलबते गोव्यास लागली. ॲबिसिनियाच्या सम्राटाचा कल अनुकूल नसल्याचे तेथे कळले आणि नियोजित पॅट्रिआर्क जुआंव नुनिश बार्रेतो गोव्यातच राहिले. त्यांच्याबरोबर यंत्रही राहिले. ज्युआन द बुस्तामान्ते या स्पॅनिश ब्रदरांनी ते सेंट पॉल कॉलेजात मांडले. त्यांच्या हाताखाली मुद्रणकलेची जाण असलेला एक हिंदी मदतनीसही होता. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी काही प्रमेये छापण्यात आली आणि १५५७ मध्ये झेवियरांची प्रश्नोत्तरी. यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

यंत्र आले म्हणजे काय झाले, हे समजण्यासाठी एकच पुस्तक पुरेसे आहे. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ छापून झाला. हिंदुस्थानातील औषधी, मसाले, फळे आणि रोग यांची माहिती त्यात संवादरूपाने दिलेली आहे. ओर्ता १५३४ मध्ये येथे आला होता. हकीम, वैद्य, व्यापारी, दासी यांच्याकडून जे कळले ते त्याने लिहिले आणि युरोपातील जुन्या ग्रंथकारांहून वेगळे असेल तेथे तसे स्पष्ट म्हटले. चारच वर्षांत, १५६७ मध्ये, अँटवर्प येथे त्याचा लॅटिन सारांश निघाला आणि गोव्याच्या बाजारातले ज्ञान अवघ्या युरोपात पोहोचले.

परंतु कथा येथे संपत नाही. ओर्ता हा धर्मांतरित यहुदी कुटुंबातला होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले होते. १५६८ मध्ये ओर्ता मरण पावला. पुढल्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्यांनाही अग्नी देण्यात आला. हे ज्या व्यवस्थेने केले ती आपल्याच ख्रिस्तसभेच्या नावाने चालत होती, हे आपण लपवू नये. अस्थी जाळता आल्या, ग्रंथ जाळता आला नाही, कारण तोवर त्याच्या प्रती समुद्रापलीकडे गेल्या होत्या. छापील शब्दाचे बळ सत्ताधीशांच्या ध्यानात येण्यास एवढे उदाहरण पुरेसे होते.

सहाशे साच्यांची अडचण

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला. मराठी वाचकांस त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र मराठीचे गुणगान करणारा हा ग्रंथ मराठीच्या लिपीत छापलेला नव्हता. तो रोमन लिपीत होता.

असे का झाले, याचे उत्तर स्टीफन्सनेच १६०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात मिळते. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. तमिळ भाषेचे खिळे १५७७ मध्ये गोव्यात ओतले गेले होते आणि १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ प्रश्नोत्तरी छापलीही गेली होती. मग मराठीत अडचण कोणती? स्टीफन्स सांगतो की युरोपात चोवीस अक्षरांवर भागते. येथे मात्र जोडाक्षरे व काना-मात्रांसह सहाशेच्या आसपास साचे करावे लागतील, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून ते होणे नाही. ते साहाय्य आले नाही. साचे झाले नाहीत.

या लहानशा तपशिलाकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. स्टीफन्सच्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. त्यास लिहिण्याची मोकळीक होती, छापण्याचा परवानाही होता. तरीही ज्या कुणब्याला, गावड्याला, कारागिराला उद्देशून त्याने ओव्या रचल्या, त्याच्या परिचयाच्या अक्षरांत त्या छापता आल्या नाहीत. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि शब्द पोहोचविण्याचे साधन, या दोन गोष्टी आपण निराळ्या समजतो. अनुभवात त्या निराळ्या राहत नाहीत. विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरहून देवनागरी खिळ्यांत निघण्यास १८०५ साल उजाडावे लागले. ‘ख्रिस्तपुराण’ स्वतः देवनागरीत छापले गेले ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तीनशे चाळीस वर्षांनी.

वाट दोन प्रकारांनी बंद होते

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण मंदावले. १६७४ नंतर ते थांबलेच. त्या वेळी ते कोणी हुकूम काढून बंद केले नव्हते. देशी भाषांविषयीची आस्था आटली, राज्याची भरभराट ओसरली, आणि यंत्राकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही. पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी. या फर्मानामागे काही धर्मगुरूंचाच आग्रह होता. जे स्टीफन्सने आयुष्य वेचून शिकले, ते विसरा असा हा आदेश होता. सुदैवाने तो पूर्णपणे अमलात येऊ शकला नाही, कारण आईने बाळाला कोणत्या भाषेत निजवावे हे कोणत्याही व्हाइसरॉयला ठरवता येत नाही. पण शाळा, दरबार आणि ग्रंथ यांतून भाषेची पीछेहाट झाली ती झालीच.

नंतर १७५४ मध्ये लिस्बनहून थेट आज्ञा आली की गोव्यात छापखाना काढण्यास कोणासही परवानगी देऊ नये. खासगी व्यक्तीस नको आणि मठांस वा विद्यालयांसही नको. ज्या ओसाड वाटेने कोणी जात नव्हते, तिच्यावर आता कुंपणही घातले गेले. पोर्तुगालमधील १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर मुंबईहून यंत्र आणवून सरकारी छापखाना उघडण्यात आला आणि २२ डिसेंबर १८२१ रोजी ‘गॅझेट द गोआ’चा पहिला अंक निघाला. हिंदुस्थानात सर्वांआधी छापखाना आलेल्या भूमीत जवळजवळ दीडशे वर्षे एकही पुस्तक छापले गेले नव्हते.

तेव्हा शब्दांची वाट दोन प्रकारांनी बंद होते. एक अनास्थेने, दुसरी हुकमाने. पहिल्या प्रकारात दोषी कोणीच दिसत नाही, दुसऱ्यात कागदावर सही असते. ज्याचा आवाज अडतो त्याला मात्र दोन्हींचे फळ एकच मिळते.

या दीर्घ मौनातून ‘ख्रिस्तपुराण’ तरले ते हस्तलिखितांमुळे. छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही, परंतु श्रद्धावंतांनी उतरवून घेतलेल्या पोथ्या घराघरांतून जपल्या गेल्या. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या तारल्या असे परंपरा सांगते. त्या कथेचा एक अर्थ असाही आहे की लोकांच्या कंठात जे उरले, ते बुडवता आले नाही. पण म्हणून वह्या बुडवणारे निर्दोष ठरत नाहीत. किती पोथ्या वाळवीने खाल्ल्या, किती कवी लिहिण्यापूर्वीच गप्प झाले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

रोमची वाटचाल

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. योगायोग असा की त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मिरारी व्होस’ हे परिपत्रक काढून मुद्रणस्वातंत्र्याचा कठोर शब्दांत निषेध केला. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी १५५९ पासून होतीच. ती रद्द झाली १९६६ मध्ये, म्हणजे मी जन्मण्याच्या काहीच वर्षे आधी.

हा इतिहास सांगताना मला संकोच वाटतो, पण पुढचा भाग सांगताना समाधानही वाटते. पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात सत्य शोधण्याचा, मत मांडण्याचा आणि सार्वजनिक घडामोडींची खरी माहिती मिळण्याचा हक्क मानवी हक्कांत गणला. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांवरील आदेशात माहितीच्या हक्कास मान्यता दिली. १९७१ च्या ‘कोम्युनिओ एत प्रोग्रेसिओ’ या दस्तऐवजाने अभ्यवेक्षण हे अगदी अखेरचा उपाय म्हणूनच वापरावे असे बजावले. २००२ मध्ये इंटरनेट आणि नीतिमूल्ये यांवर व्हॅटिकनने स्वतंत्र निवेदन काढले, तेव्हा ज्यांच्यापाशी हे साधन आहे आणि ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यामधील दरीबद्दल त्यात चिंता व्यक्त झाली होती. ख्रिस्तसभा बदलली ती चुकांतून शिकून बदलली. म्हणूनच इतरांस सावध करण्याचे तिचे कर्तव्य अधिक आहे.

गोव्यात मात्र सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्रांवर पुन्हा अभ्यवेक्षण बसले. तेव्हा लोकांनी नवी वाट शोधली. २५ नोव्हेंबर १९५५ पासून सह्याद्रीतील आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकजवळून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तरुण ते चालवीत. एक हिंदू, एक कॅथलिक. पावसापाण्यात, श्वापदांच्या सोबतीने, ते कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बातम्या देत राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोमंतकीयांस ऐकवली. लिबिया लोबो सरदेसाई यांस २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. १७५४ ची आज्ञा छापखान्यापुरती होती. वाऱ्यावरून येणाऱ्या आवाजाला कुंपण घालणे सालाझारला जमले नाही.

कागद, लहरी आणि तार

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी हा विचार पायरीपायरीने पुढे नेला. १९५० मध्ये मुंबईत निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की प्रसार करण्याची मोकळीक नसेल, तर प्रकाशनाच्या स्वातंत्र्याला फारशी किंमत उरत नाही. पुढे वर्तमानपत्रांची पाने किमतीशी बांधून टाकणारा सरकारी आदेश निघाला. त्याविरुद्ध पुण्याचे ‘सकाळ’ न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये जिंकले. पाने कमी करणे म्हणजे शब्द कमी करणे, आणि किंमत वाढविण्यास भाग पाडणे म्हणजे वाचक कमी करणे, असा त्या निकालाचा इत्यर्थ होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने निर्णय दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती देणे-घेणे हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचाच भाग आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली झाली.

तेव्हा मी सेमिनरीत होतो. हे प्रकरण श्रीमंतांचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असेच आम्हां सर्वांस वाटले होते.

इंटरनेट मिळणे हा हक्क म्हणावा काय? ज्यांनी इंटरनेटची तांत्रिक पायाभरणी केली त्यांपैकी एक, व्हिन्ट सर्फ, यांनी २०१२ मध्ये नकारार्थी मत दिले. त्यांचे म्हणणे असे की एके काळी घोड्यावाचून उपजीविका कठीण होती, म्हणून घोडा हा हक्क होत नाही. हक्क उपजीविकेचा असतो. साधने बदलत राहतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु स्टीफन्सच्या सहाशे साच्यांची आठवण ठेवली की त्यातील उणीव दिसते. ज्या काळात एका साधनावाचून हक्क बजावताच येत नाही, त्या काळापुरते ते साधन हक्काच्या पोटातच असते. फ्रान्सच्या घटना परिषदेने २००९ मध्ये हेच मानले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये हेतुतः इंटरनेट तोडण्याचा निषेध केला. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, वसतिगृहात मोबाइल वापरण्यावर बंधन आल्यामुळे दाद मागणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निर्णय देताना, इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंध व्यक्ती आणि ॲसिडहल्ल्यातील पीडित यांच्या याचिकांवर निर्णय देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

आणि वाट बंद करण्याचे अधिकार? त्यांचेही मूळ जुनेच. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये तार कायदा केला. त्याच कायद्याखाली २०१७ मध्ये दूरसंचार सेवा तात्पुरती स्थगित करण्याचे नियम करण्यात आले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही तो अधिकार कायम ठेवला. इंटरनेट तोडण्याच्या घटनांची जागतिक मोजदाद ठेवणाऱ्या एका संस्थेच्या नोंदीनुसार २०१८ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी अशा सर्वाधिक घटना भारतात घडल्या.

४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री काश्मीरमध्ये दूरध्वनी व इंटरनेट बंद झाले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादिका अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० चा निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत अमरावतीचे भूषण गवई हे पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायाधीशही होते. न्यायालयाने सांगितले की इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती व व्यापार यांस घटनेचे संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही, ती गरजेच्या प्रमाणात असावी आणि तिचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. मात्र इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, यावर न्यायालयाने मत दिले नाही आणि सेवा तत्काळ सुरू करण्याचा आदेशही दिला नाही. मोबाइलवरील जलद सेवा पूर्ववत झाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात करोनाची साथ आली होती आणि तेथील डॉक्टर व विद्यार्थी मंदगती जोडणीवर काम करीत होते.

मणिपूरची आठवण अधिक वेदनादायी आहे. ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि मोबाइलवरील इंटरनेट बंद करण्यात आले. अफवा पसरू नयेत, असे कारण देण्यात आले. दुसऱ्याच दिवशी जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. देशाला ते कळले १९ जुलै रोजी, एक चित्रफीत बाहेर आली तेव्हा. अडीच महिने तो आक्रोश डोंगरापलीकडे गेला नव्हता. प्रार्थनामंदिरे जळत होती, गावे ओस पडत होती, आणि येथे आपल्या धर्मग्रामांत आपण रविवारच्या मिस्सेत मणिपूरसाठी एक विनंती वाचून पुढल्या विनंतीकडे वळत होतो. बंदीने अफवा थांबल्या की नाही, हे ठरविणे कठीण आहे. साक्ष मात्र निश्चित थांबली.

अफवेचा प्रश्न

येथे विरुद्ध बाजूस न्याय दिला पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवर पसरलेल्या अफवेने पेटलेल्या जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर आल्याच्या अफवांच्या वातावरणात, दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली. शब्द मारू शकतो, हे आपण पाहिले आहे. अशा वेळी अधिकाऱ्यास ‘बंद करा’ असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु त्याच पालघरने आपणांस दुसरेही काही दाखविले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याचे चिन्ह उमटविले. दोघींना अटक झाली. या अटकेने व्यथित झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरले. ज्या अधिकाराने खरी अफवा दडपता येते, त्याच अधिकाराने एका मुलीचा साधा प्रश्नही दडपता येतो. अधिकाराला दोन्हींतला फरक कळतोच असे नाही.

माझा स्वतःचा हुकूम

हे सारे मी इतरांविषयी लिहीत आहे, असा वाचकांचा समज होऊ नये म्हणून एक कबुली देतो.

करोनाच्या काळात आमच्या धर्मग्रामाने सभागृहातील वायफाय सर्व मुलांसाठी खुले केले होते. अनेक घरांत मोबाइल एकच. तो घेऊन वडील वा आई कामावर जात. मुले अंतर राखून बसत आणि धडे उतरवून घेत. ही व्यवस्था पुढेही चालू राहिली. २०२१ च्या पावसाळ्यात काही तरुणांनी त्याच जोडणीवरून परस्परांविषयी घाणेरडे संदेश पाठविले. प्रकरण हातघाईवर आले. मी संतापलो आणि वायफाय बंद करून टाकले. सूचनाफलकावर कारण लिहिले नाही, मुदत लिहिली नाही. तीन दिवसांनी राग निवळला, तेव्हा पुन्हा सुरू केले. भांडण मिटले, माझे मलाच समाधान वाटले.

आठवड्याने शेतमजुरी करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांच्या मुलीला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा अर्ज भरायचा होता. मुदत त्या तीन दिवसांतच संपली होती. ती रोज सायंकाळी सभागृहाच्या पायरीवर येऊन बसे आणि परत जाई. ‘‘तुम्ही मला सांगितले का नाही?’’ मी विचारले. ते म्हणाले, ‘‘फादर, तुम्ही बंद केलं म्हणजे काही कारण असेलच, असं आम्हांला वाटलं.’’ पुढच्या फेरीत तिला दूरचे महाविद्यालय मिळाले. जाण्यायेण्यात दोन तास मोडू लागले. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. काही कारण असेलच. १७५४ मध्ये गोव्यातील भोळ्याभाबड्या माणसानेही हेच म्हटले असेल. सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडे जे मागितले होते, ते कारण, ती मुदत, तो जाहीर आदेश, यांपैकी काहीही मी माझ्या सभागृहात दिले नव्हते. भांडण चार मुलांचे होते, शिक्षा सर्वांना झाली, आणि सर्वांत जास्त तिला झाली जिच्यापाशी दुसरी वाट नव्हती. ज्यांच्या खिशात स्वतःचे इंटरनेट होते त्या चौघांना काडीचाही फरक पडला नव्हता. बंदीचा हा स्वभावच आहे. ती समर्थांना टाळून जाते आणि दुर्बळांवर कोसळते.

आता सभागृहात नियमांचा कागद लावला आहे. गैरवापर करणाऱ्याला नावानिशी बोलावले जाते. जोडणी बंद करावी लागलीच, तर कारण आणि वेळ लिहिली जाते. ही फार मोठी सुधारणा आहे असे मी म्हणत नाही. पण सत्ता ही नेहमी दिल्लीत किंवा लिस्बनमध्येच असते असे नाही. एखाद्या खोलीतील बटणापाशीही ती असते.

यिर्मयाच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. संदेष्ट्याने बारूखकडून लिहवून घेतलेली गुंडाळी राजा यहोयाकीमसमोर वाचली जात आहे. हिवाळा आहे, समोर शेगडी पेटलेली आहे. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. गुंडाळी संपेपर्यंत हे चालते. राजाला भय वाटत नाही, तो आपली वस्त्रेही फाडत नाही. नंतर यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, सारे शब्द पुन्हा सांगतो, आणि बारूख ते शाईने लिहून काढतो.

या प्रसंगावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू सहसा यिर्मयाच्या बाजूने बोलतो. आता मला तो वाचताना शेगडीजवळ बसलेला माणूसही दिसतो. तो क्रूर दिसत नाही, थंडीत ऊब घेत बसलेला दिसतो. त्याच्या हातात चाकू आहे आणि आपण काही विशेष वावगे करीत आहोत असे त्याला वाटतही नाही. दुसऱ्या गुंडाळीची शाई बारूखला मिळाली, हे आपले भाग्य. त्या मुलीसारख्या पायरीवर बसलेल्या बारूखांना ती मिळत राहील, याची काळजी मात्र आपणांस घ्यावयाची आहे.